मेनिंगोकॉकल कॉन्जुगेट लस कशी घडवावी आणि कशी तपासावी

मेनिंगोकॉकस म्हणजेच निसेरिया मेनिंजायटिडिस हा जिवाणू ज्याच्या रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात शिरतो, त्याच्याकडे फार वेळ उरत नाही. योग्य उपचार मिळूनही दहापैकी सुमारे एक रुग्ण दगावतो आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना बहिरेपण, हातापायांचे विच्छेदन किंवा मेंदूची हानी सोबत घेऊन जगावे लागते. म्हणून या आजाराविरुद्धची लस घडवू पाहणाऱ्या गटाने कामाचा आरंभ दोन निर्णयांनी करावा: ही लस कोणत्या वयाच्या व्यक्तीला द्यायची आहे आणि ती उपयोगी पडते हे कोणत्या चाचणीने ठरवायचे आहे. रसायनशास्त्राचे बहुतेक प्रश्न या दोन उत्तरांमधूनच सुटत जातात.

जिवाणूच्या भोवतीच्या पॉलिसॅकराइडच्या, म्हणजे शर्करेच्या लांब साखळ्यांच्या, आवरणावरून त्याचे बारा सेरोग्रुप, म्हणजे उपगट, ओळखले जातात, आणि गंभीर आजाराला मुख्यतः ए, बी, सी, डब्ल्यू, एक्स आणि वाय हे सहा कारणीभूत असतात. यांपैकी बी बाजूला ठेवावा लागतो, कारण त्याचे पॉलिसियालिक आम्लाचे आवरण मानवी चेतापेशींवरील रेणूंसारखेच असल्याने शरीर त्याला परके मानत नाही; त्याच्यासाठी प्रथिनांवर आधारलेल्या वेगळ्या लसी आहेत. उरलेल्या पाचांपैकी कोणते निवडायचे, हे ज्या प्रदेशासाठी लस बनवायची तिथल्या रुग्णांपासून मिळालेल्या जिवाणूंच्या नोंदींवरून ठरवावे.

नुसत्या पॉलिसॅकराइडची लस 1970च्या दशकापासून उपलब्ध होती, परंतु अशी शर्करा टी-पेशींना, म्हणजे प्रतिसाद बळकट करून त्याची स्मृती घडवायला मदत करणाऱ्या पांढऱ्या पेशींना, हाक देऊ शकत नाही. त्यामुळे दोन वर्षांखालील बालकांमध्ये तिचा प्रतिसाद बहुधा दुबळा राहतो, रोगप्रतिकारक स्मृती तयार होत नाही आणि पुन्हा डोस दिल्यास प्रतिसाद उलट घटूही शकतो. शर्करेला प्रथिन जोडले की ही अडचण दूर होते, हे एव्हरी आणि गोबेल यांनी 1929 मध्येच दाखवले होते; अशा जोडलेल्या लसीलाच कॉन्जुगेट लस म्हणतात. वाहक प्रथिन म्हणून धनुर्वाताचा टॉक्सॉइड (निर्विष केलेले जिवाणूविष), घटसर्पाचा टॉक्सॉइड किंवा घटसर्पाच्या विषाचे एका अमिनो आम्लाच्या बदलाने निर्विष झालेले रूप, म्हणजे सीआरएम197, वापरले जाते. निवड करताना त्याच वयात बालकाला मिळणाऱ्या इतर लसींमध्ये तेच प्रथिन किती वेळा येते ते तपासावे, कारण वाहकाचा अतिरेक झाल्यास शर्करेविरुद्धचा प्रतिसाद दबू शकतो.

पॉलिसॅकराइड मिळवण्यासाठी जिवाणू किण्वनपात्रात वाढवून निष्क्रिय करतात, धनभारित डिटर्जंटने शर्करेचा साका बसवतात आणि नंतर प्रथिने, न्यूक्लिइक आम्ले व विशेषतः एंडोटॉक्सिन (जिवाणूच्या बाह्य पटलातील ताप आणणारे विष) काढून टाकतात. शुद्धीकरणात घाई करू नये. इथे राहिलेला एंडोटॉक्सिन पुढच्या कोणत्याही पायरीवर सहज निघत नाही आणि तो बालकाच्या तापाच्या रूपाने समोर येतो. शर्करेवरील ओ-ॲसिटिल या छोट्या रासायनिक गटांकडेही प्रत्येक सेरोग्रुपनुसार वेगळे पाहावे लागते. ए सेरोग्रुपमध्ये हे गट गेले तर उपयोगी प्रतिपिंडे जवळजवळ तयार होत नाहीत, तर सी सेरोग्रुपमध्ये ते काढून टाकूनही प्रभावी लस बनवता आली आहे.

जोडणीसाठी शर्करेवर ॲल्डिहाइड गट निर्माण करून तो प्रथिनाला रिडक्टिव्ह अमिनेशनने जोडणे ही रुळलेली पद्धत आहे. शर्करा सायनिलेशनने सक्रिय करणे हा दुसरा मार्ग आहे. कोणतीही पद्धत घेतली तरी तीन गोष्टी प्रत्येक तुकडीत मोजाव्यात: शर्करा व प्रथिन यांचे प्रमाण, रेणूचा आकार आणि न जोडली गेलेली मोकळी शर्करा. माझ्या मते या तिघांत मोकळ्या शर्करेकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. तिचे प्रमाण वाढत चालले म्हणजे बाटलीतली कॉन्जुगेट लस हळूहळू जुन्या पॉलिसॅकराइड लसीकडे परतत आहे, आणि हे एकूण शर्करेच्या मोजणीत मुळीच दिसत नाही. ए सेरोग्रुपच्या साखळीतील फॉस्फोडायएस्टर बंध पाण्यात तुटत असल्यामुळे हा घटक बहुधा गोठवून वाळवलेल्या स्वरूपात ठेवतात.

आता चाचणीकडे वळावे, आणि इथे रेंगाळावे. 1969 मध्ये गोल्डश्नायडर, गॉट्श्लिश आणि आर्टेनस्टाइन यांनी लष्करी भरतीच्या तरुणांच्या अभ्यासातून दाखवले, की ज्यांच्या रक्तरसात मानवी कॉम्प्लिमेंटच्या (प्रतिपिंडांच्या जोडीने जिवाणू फोडणाऱ्या रक्तातील प्रथिनांच्या) साहाय्याने जिवाणू मारण्याची क्षमता किमान 1:4 इतकी, म्हणजे रक्तरस चौपट विरळ केल्यावरही टिकणारी, आहे त्यांना हा आजार सहसा होत नाही. त्यामुळे एलायझा या केवळ प्रतिपिंडे मोजणाऱ्या चाचणीने मिळालेले प्रमाण हा पूरक पुरावा मानावा आणि निर्णय जिवाणूनाशक चाचणीवर सोपवावा. ही चाचणी प्रयोगशाळेत पहिली लस तयार होण्याआधीच बसवून, पुनःपुन्हा करून तिच्या निकालांतला चढउतार समजून घ्यावा.

चाचणीत रक्तरस प्रथम 56 अंश सेल्सिअसवर अर्धा तास तापवून त्यातले मूळचे कॉम्प्लिमेंट निष्प्रभ करतात, मग त्याची दुपटीदुपटीने विरळणी करून त्यात वाढीच्या ऐन भरातले जिवाणू आणि बाहेरून आणलेले कॉम्प्लिमेंट घालतात, आणि साधारण तासाभराने किती जिवाणू जिवंत उरले ते वसाहती मोजून पाहतात. निम्मे किंवा त्याहून अधिक जिवाणू मारणारी शेवटची विरळणी हा त्या रक्तरसाचा टायटर. कॉम्प्लिमेंट नसलेले आणि रक्तरस नसलेले नियंत्रण-नमुने कधीही वगळू नयेत. ज्या मुलाने नुकतेच प्रतिजैविक घेतले आहे त्याचा रक्तरस प्रतिपिंडांशिवायही जिवाणू मारतो, आणि ही फसगत कॉम्प्लिमेंटविरहित नमुन्यातच पकडता येते.

मानवी कॉम्प्लिमेंट मिळवणे कठीण असते, कारण दात्याच्या रक्तात या जिवाणूविरुद्धची स्वतःची प्रतिपिंडे नसावी लागतात. म्हणून अनेक प्रयोगशाळा सशाच्या पिल्लांचे कॉम्प्लिमेंट वापरतात व 1:8 ही मर्यादा धरतात. मात्र मेनिंगोकॉकस मानवी फॅक्टर एच, म्हणजे कॉम्प्लिमेंटला आवर घालणारे प्रथिन, स्वतःवर बांधून बचाव करतो आणि सशाच्या फॅक्टर एचने त्याला तो बचाव मिळत नाही, त्यामुळे सशाच्या कॉम्प्लिमेंटने येणारे आकडे मोठे दिसतात. दोन्ही पद्धतींचे निकाल एकाच तक्त्यात मिसळणे हा गंभीर दोष आहे.

मानवी चाचण्या प्रौढांपासून सुरू करून पायरीपायरीने लहान वयाकडे न्याव्यात. ए सेरोग्रुपच्या मेनआफ्रीव्हॅक या लसीचा मार्ग अभ्यासण्याजोगा आहे. 2001 मध्ये सुरू झालेल्या मेनिंजायटिस व्हॅक्सिन प्रोजेक्टने पाथ ही आरोग्यक्षेत्रातील ना-नफा संस्था, जागतिक आरोग्य संघटना आणि सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया यांच्या सहकार्याने ती घडवली. पहिल्या टप्प्याची चाचणी भारतातील प्रौढांवर झाली, नंतर माली व गांबियातील बालकांवर, जिथे तुलनेसाठी पॉलिसॅकराइड लस होती आणि काही महिन्यांनी त्या पॉलिसॅकराइड लसीच्या डोसाचा पाचवा हिस्सा देऊन स्मृती तपासली गेली. डोसाची किंमत अर्ध्या डॉलरखाली ठेवण्याची अट आरंभीच घातली होती, आणि तंत्रज्ञानाची निवड त्या अटीत बसवली गेली.

आजार विरळ व साथी अनिश्चित असल्याने प्रत्यक्ष संरक्षणाची मोठी चाचणी बहुधा शक्य नसते. 1999 मध्ये ब्रिटनने सी सेरोग्रुपची लस प्रतिपिंडांच्या पुराव्यावरच स्वीकारली, आणि पुढच्या देखरेखीतून मोलाची माहिती हाती आली: दोन, तीन व चार महिन्यांच्या वयात डोस मिळालेल्या अर्भकांचे संरक्षण वर्षभरातच ओसरत होते, जरी त्यांच्यात स्मृती पेशी होत्या. जिवाणू शिरल्यापासून काही दिवसांतच आजार उफाळतो आणि स्मृती पेशींना प्रतिपिंडे बनवायलाही तितकेच दिवस लागतात, म्हणून रक्तात आधीच फिरणारी प्रतिपिंडे हवीत. 2006 मध्ये तिथे बारा महिन्यांच्या वयाचा वर्धक डोस आला. तेव्हा स्मृती सिद्ध झाली म्हणून अभ्यास थांबवू नये; टायटर किती काळ टिकतो ते अनेक वर्षे मोजावे.

घशातील वहन, म्हणजे आजारी न पडता घशात जिवाणू बाळगणे, स्वतंत्रपणे तपासावे. लस न घेतलेल्यांचे संरक्षण त्यावरच अवलंबून असते, आणि कॉन्जुगेट लस वहन घटवते, हा तिचा मोठा गुण आहे. नमुना तोंडावाटे घशाच्या मागच्या भिंतीवरून घ्यावा आणि शक्य तितक्या लवकर निवडक माध्यमावर पसरावा.

डिसेंबर 2010 मध्ये बुर्किना फासोत मेनआफ्रीव्हॅकची मोहीम सुरू झाल्यावर आफ्रिकेच्या मेनिंजायटिसच्या साथी वारंवार येणाऱ्या पट्ट्यातून ए सेरोग्रुपच्या साथी जवळजवळ नाहीशा झाल्या, परंतु सी, डब्ल्यू व एक्स यांच्या साथी येतच राहिल्या. ए, सी, डब्ल्यू, वाय, एक्स या पाचांवरची लस जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये पूर्वमान्य केली आणि मार्च 2024 मध्ये नायजेरियाने ती प्रथम वापरली. म्हणून लस बाजारात आल्यानंतरही प्रत्येक रुग्णाच्या पाठीच्या कण्यातील द्रवातून सेरोग्रुप ओळखण्याची व्यवस्था चालू ठेवावी, वेगळे केलेले जिवाणू गोठवून जपावेत, आणि जिवाणूनाशक चाचणीत वापरला जाणारा जिवाणूचा प्रकार अजूनही लोकांत फिरणाऱ्या प्रकारांशी जुळतो का, हे ठरावीक काळाने तपासावे.