चेन मागवायच्या आधी हे सगळं मोजून घ्या

मशीनची चेन बदलायची म्हटलं की सगळे आधी पिच (एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचं अंतर) बघतात, १२.७० मिमी आहे ना, मग झालं, मागवा. इथेच गडबड होते. ज्याला आपण मेट्रिक म्हणतो ती ०८बी चेन आणि अमेरिकन ४० नंबरची चेन, दोन्हींचा पिच १२.७० च, म्हणजे अर्धा इंच (नाव मेट्रिक आणि पिच इंचात, कोणाची आयडिया होती देव जाणे). फरक आतमध्ये आहे, ०८बी चा रोलर (दातांवर बसणारा बाहेरचा गोल भाग) ८.५१ मिमी आणि पिन (कड्या जोडणारी आतली सळई) ४.४५, तर ४० चा रोलर ७.९२ आणि पिन ३.९८ च्या आसपास. म्हणून जुनी चेन काढली की पुसून घ्या आणि व्हर्निअर (बारीक मापं घ्यायचं साधन) लावून तीन मापं कागदावर लिहा, पिच, रोलरचा व्यास आणि आतल्या दोन प्लेटमधलं अंतर. प्लेटवर नंबर कोरलेला दिसला तर उत्तमच, पण घासलेल्या चेनवर तो बहुतेक वेळा वाचताच येत नाही. नंबरची गंमत म्हणजे ०८, १०, १२, १६ हे पिच इंचाच्या सोळाव्या भागात सांगतात, १६बी म्हणजे १६/१६, पूर्ण इंच, २५.४० मिमी. मागचा -१, -२ म्हणजे सिम्प्लेक्स (एकपदरी), डुप्लेक्स (दुपदरी), तो विसरलात तर परत फेरी.

जुनी चेन किती ताणली गेलीय तेही याच वेळी बघायचं. चेन ओढून धरा, एका पिनच्या डाव्या कडेपासून दहा पिच सोडून पुढच्या पिनच्या डाव्या कडेपर्यंत मोजा, ०८बी असेल तर १२७ यायला हवं. १३०.८ आलं म्हणजे ३ टक्के वाढ, चेन संपली. पण तेवढ्यावर थांबू नका, स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चाकाचे, दातही बघा, एका बाजूला झुकलेले, हुकासारखे झाले असतील तर नवी चेन त्यावर चढवणं म्हणजे पैसे पाण्यात, दोन्ही एकदमच बदला.

आता जॉइंट लिंक, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणारी कडी (हिलाच मास्टर लिंक म्हणतात), आणि माझं खरं दुखणं इथे आहे. एकदा घाईत ड्रॉवरमधली ४० ची मास्टर लिंक ०८बी मध्ये बसवली, पिन बारीक असल्याने अगदी लोण्यासारखी सरकली, मी खुश. बुशमध्ये (पिन ज्या नळीत फिरते ती) जवळपास अर्धा मिमीचा खेळ होता हे नंतर कळलं, चेन सुरू झाली की तेवढ्या एका ठिकाणी टक टक आवाज यायचा आणि काही दिवसांनी लिंक अडकवून ठेवणारी क्लिप उडाली. तेव्हापासून लिंक चेनच्याच मेकची आणि त्याच नंबरची, आणि शक्यतो चेनबरोबरच मागवतो, दोन जास्तच. उलट्या बाजूने, म्हणजे जाड पिन असलेली लिंक बसत नाही म्हणून पिन घासायची किंवा भोक मोठं करायचं, हे तर अजिबातच नको.

क्लिपवाली लिंक लहान चेनला, एका दिशेने चालणाऱ्या मशीनला ठीक. क्लिपची बंद बाजू चेन पळते त्या दिशेला, उघडं तोंड मागे, नाहीतर कशाला तरी घासून निघते. मशीन पुढे मागे चालत असेल, झटके बसत असतील किंवा पिच मोठा असेल तर कॉटर पिनची (टोकं वाकवून अडकवायची पिन) लिंक किंवा सरळ रिव्हेट लिंक (पिनचं टोक ठोकून पक्की करायची) घ्या. आणि बाहेरची प्लेट हाताने सहज बसणारी लिंक दाबून बसवायच्या लिंकपेक्षा कमजोर असते, जास्त लोडला दाबूनच बसवा. काढलेली क्लिप परत वापरायची नाही, नवी लावा.

लिंक मोजताना आकडा सम येईल असं बघा, विषम आला की हाफ लिंक (एकाच पिचची जोडकडी) घालावी लागते आणि तीच सगळ्यात आधी जाते. त्यापेक्षा मोटर थोडी सरकवून किंवा टेन्शनरने (चेन ताणून धरणारा भाग) जमवा.

शेवटी चेन कटर, पक्कड, तेल आणि नवे कॉटर मशीनजवळ आणून ठेवा, ग्रीस नको, ते बाहेरच राहतं, बुशपर्यंत पोचत नाही. बसवल्यावर सैल बाजू साधारण सेंटर अंतराच्या (दोन स्प्रॉकेटच्या मध्यांमधलं अंतर) २ ते ४ टक्के झुलली पाहिजे, आणि पहिले काही दिवस चालून झाले की परत एकदा टेन्शन बघायचं, कारण नवी चेन सुरुवातीला थोडी सैलावतेच.