पंचवीस मीटरच्या टायमिंगवर विसंबू नका

पोहण्यात जिल्ह्यात पहिले येता, आता स्टेटचे वेध लागलेत, तर आधी सांगा, तुमचं टायमिंग कुठल्या टँकचं आहे?

मी 25 मीटरच्या टँकवर वाढलो. बालेवाडीला 50 मीटरमध्ये पहिल्यांदा 100 फ्रीस्टाइल पोहलो तेव्हा घरच्या टायमिंगच्या जवळपासही गेलो नाही. सगळे म्हणाले, दडपण घेतलंस. दडपण नव्हतं, साधा हिशेब होता. 100 मीटरला छोट्या टँकमध्ये तीन टर्न मिळतात, मोठ्यात एकच. 200 ला सात आणि तीन. टर्नला भिंतीला पाय मारून मिळणारा वेग तुमच्या हातांचा नसतो, शिवाय तेवढा वेळ खांद्यांना उसंत मिळते. ती भिंत गेली की 35 मीटरच्या पुढे कोपर खाली पडतं, हात पाणी न पकडता नुसता घसरतो, श्वासाला अख्खं डोकं वर येतं. शेवटचे 15 मीटर संपता संपत नाहीत.

जवळपास मोठा टँक नसेल तर भिंतीपर्यंत जाऊच नका. तळाची काळी पट्टी जिथे टी होऊन संपते तिथेच वळा आणि भिंतीला पाय न लावता पुन्हा वेग घ्या. जीव जातो, पण आठवड्यातून दोनदा कराच. सोबत दर लॅपला स्ट्रोक मोजा. आकडा वाढायला लागला की पकड सुटली समजा. पालकांनो, महागड्या रेसिंग सूटचे पैसे यंदा मोठ्या टँकवरच्या सरावाला लावा. सूटने कोपर वर राहत नाही.

कोच निवडताना त्याची पदकं बघू नका. खुर्चीत बसून स्टॉपवॉच दाबणारे पुष्कळ. काठाने तुमच्याबरोबर चालत हात पाण्यात कुठे शिरतो ते बघणारा भेटला, तर त्याला सोडू नका.

आणि एका खराब स्पर्धेने खचू नका, खरंच. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने 2010 च्या ग्वांगझू एशियाडमध्ये 50 मीटर बटरफ्लायचं कांस्य मिळवलं. 1986 मध्ये खजान सिंगने रौप्य जिंकल्यानंतर जलतरणात भारताला मिळालेलं ते पहिलं एशियाड पदक. पुढे वीरधवल तहसीलदार झाला, मध्ये पाण्यापासून लांबही गेला, तरी 2018 ला जकार्तात 50 फ्रीस्टाइलची फायनल पोहला. कांस्य 0.01 सेकंदाने हुकलं. मोठ्या टँकमध्ये 50 ला टर्नच नसतो, तिथे सगळं स्टार्टवर आणि शेवटच्या स्पर्शावर येतं. म्हणून दमलेले असतानाही प्रत्येक सेटचा शेवट डोकं खाली, हात पूर्ण लांब करून भिंतीवर करा.

अभ्यास सोडायचा नाही, हे बजावून सांगतो. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण परीक्षा द्यावीच लागते आणि क्रीडा प्रमाणपत्रांची पडताळणी होते. कुठली स्पर्धा त्यात धरली जाते ते नाव नोंदवण्याआधी क्रीडा कार्यालयात विचारा, आणि मूळ प्रमाणपत्रं क्लबकडे न ठेवता घरी ठेवा.