दुकान ऑनलाइन न्यायचंय? आधी वजनकाटा आणा

नांदेड, परभणी, हिंगोली या पट्ट्यातल्या छोट्या धंद्यांना वेबसाइट आणि ऑनलाइन दुकान करून देणं हे माझं पोटापाण्याचं काम. पुण्याची वाट न धरता इथंच राहून हे काम करू पाहणारी पोरं विचारतात, "दादा, वर्डप्रेस शिकू का शॉपिफाय?" दोन्ही साइट उभी करायची साधनं. मी सांगतो, आधी गिऱ्हाइकाच्या गोदामात जाऊन बस. साइट उभी करायला फार वेळ लागत नाही. वेळ खातं ते मालाचं न ठरणं.

वसमतच्या एका हळद व्यापाऱ्यांचं काम घेतलं होतं. क्विंटलात व्यवहार करणारा माणूस. विचारलं, "मालक, किती प्रकारचा माल आहे?" म्हणाले, "हळद. दुसरं काय?" मग वही उघडली. हळकुंड वेगळं, पावडर वेगळी. पावडरीत 100, 200, 500 ग्रॅम आणि किलो. ओळखीच्यांना एक भाव, दुकानदाराला दुसरा, सणाला तिसरा. हे सगळं मालकांच्या डोक्यात होतं. साइटला मात्र प्रत्येक पाकिटाची स्वतंत्र ओळ लागते. म्हणून माझ्या कामाची सुरुवात एक्सेलच्या तक्त्याने होते: मालाचं नाव, निव्वळ वजन, खोक्यासह वजन, एमआरपी, जीएसटीचा दर, एचएसएन कोड (जीएसटीसाठी मालाच्या प्रकाराचा ठरलेला आकडा), शिल्लक, फोटोच्या फाइलचं नाव. हा तक्ता भरेपर्यंत मी डिझाइनला हात लावत नाही. रंग कोणता घ्यायचा, याची चर्चा गिऱ्हाइकाला फार आवडते. ती टाळा.

तक्त्यातला कळीचा रकाना खोक्यासह वजनाचा. बहुतेक कुरिअरचे दर 500 ग्रॅमच्या टप्प्याने वाढतात. अर्धा किलो पावडर पाकिटात भरली, खोक्यात ठेवली, चिकटपट्टी लावली की काट्यावर 560 ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे भाडं थेट किलोचं. तेच पाकीट 400 ग्रॅमचं केलं तर पहिल्याच टप्प्यात बसतं. मालक आधी कुरकुरले, "चारशेचं पाकीट कोण घेतंय हो?" मी दोन्ही पाकिटांचं भाडं मांडून दाखवलं. दुकानात अर्धा किलो आणि ऑनलाइन चारशे ग्रॅम, असं ठरलं.

हलक्या मालाचं दुखणं उलटं. पापड-कुरडया विकणाऱ्या बचतगटाचं 30 बाय 25 बाय 15 सेंटीमीटरचं खोकं काट्यावर किलोभरच भरतं. पण कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार करून साधारण 5000 ने भागतात. उत्तर येतं सव्वादोन किलो, आणि भाडं त्याचंच लागतं. "फ्री डिलिव्हरी" असं ठळक लिहिण्याआधी हा हिशोब करा. ऑर्डर जास्त येतात त्या पिनकोडवर कुरिअर पोहोचतं का, तेही पाहून ठेवा. वाडी-तांड्यावर शेवटी स्पीड पोस्टच कामाला येतं.

आपल्याकडचा आणखी एक पेच म्हणजे राज्याची सीमा. नांदेडहून हैदराबाद मुंबईपेक्षा कितीतरी जवळ, आणि उदगीरच्या माणसाची अर्धी सोयरीक बीदरला. ऑर्डर तिकडून येणारच. पण करपात्र माल परराज्यात विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नोंदणी लागते. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने सोपा जीएसटी भरणाऱ्या, दुकानदाराला तर परराज्यात माल विकताच येत नाही. "आमची उलाढाल 40 लाखांच्या आत आहे" हे उत्तर तिथं चालत नाही. पहिल्याच बैठकीला मालकांच्या सीएंना फोन लावा. नोंदणी होईपर्यंत साइटवर फक्त महाराष्ट्राचे पिनकोड चालू ठेवता येतात.

खाण्याचा माल असेल तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा खात्याच्या परवान्याचा किंवा नोंदणीचा, 14 अंकी नंबर हवा. पाकिटावर असते ती बहुतेक माहिती साइटवरही द्यावी लागते: उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह एमआरपी, तक्रारीसाठी संपर्क. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव साइटवर असावं लागतं. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात. छोट्या दुकानात हा अधिकारी म्हणजे बहुधा मालकांचा मुलगा. त्याला हे आधी सांगा, नाहीतर आपलं नाव साइटवर पाहून तो दचकतो.

साइटवर गिऱ्हाइकाचे पैसे घेऊन मालकांच्या खात्यात टाकणारे पेमेंट गेटवेवाले परताव्याचं धोरण, डिलिव्हरीचे नियम, प्रायव्हसीचं पान आणि संपर्काचा पत्ता पाहिल्याशिवाय खातं चालू करत नाहीत. ही पानं शेवटी ठेवली की उद्घाटन लांबतं. साधारण दोन टक्के कमिशन, त्यावर 18 टक्के जीएसटी, आणि पैसे दोनेक कामाच्या दिवसांनी खात्यात, हेही आधी सांगून टाका. रोख गल्ल्याची सवय असलेल्या माणसाला दोन दिवस फार वाटतात.

मजकुराबद्दल एकच इशारा. गिऱ्हाईक जुन्या पत्रकाची फाइल पाठवतं, ती हमखास श्रीलिपीत, म्हणजे छपाईच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये असते. साइटवर चिकटवली की नुसती चिन्हं दिसतात. ती युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत, बदलून घ्यायचे पैसे कोटेशनमध्ये धरा.

वर्डप्रेसला जोडायचं दुकानाचं साधन वूकॉमर्स, की शॉपिफाय? महिन्याचं भाडं परवडतं आणि देखभालीला कोणी नाही, तिथं शॉपिफाय. खर्च आवरायचा आहे आणि तुम्ही हाकेच्या अंतरावर आहात, तिथं वूकॉमर्स. आणि माल दोन-तीनच प्रकारचा, गिऱ्हाईक सगळं ओळखीचं असेल तर व्हॉट्सअॅप बिझनेसचा कॅटलॉग लावून द्या आणि साइटचं काम नाकारा. असं नाकारलेलं गिऱ्हाईक पुढं दुसरी कामं घेऊन येतं, हा माझा अनुभव.

वेळापत्रक गिऱ्हाइकाच्या हंगामावर बेता. हळद शिजवायच्या, वाळवायच्या दिवसांत मालक फोनही उचलत नाहीत. त्यांना दसऱ्याला उद्घाटन हवं असेल तर तक्ता आणि फोटो श्रावणातच हातात पडले पाहिजेत. पैशाचे हप्तेही कामाच्या टप्प्यांना बांधा: काही कामाआधी, काही तक्ता आणि डिझाइन मंजूर झाल्यावर, उरलेले साइट चालू होण्याआधी. नंतर सुचलेल्या बदलांचे दर कोटेशनमध्येच लिहा.

डोमेन (साइटचा पत्ता), होस्टिंग (साइट ठेवायची जागा), गेटवे सगळं मालकांच्या नावावर, त्यांच्याच ईमेलवर घ्या. परभणीच्या एका कापड दुकानदाराचं डोमेन आधी साइट करून देणाऱ्या पोराने स्वतःच्या नावावर घेतलं आणि नंबर बदलला. बोर्डावर, पिशव्यांवर छापलेला साइटचा पत्ता दुकानदाराला सोडून द्यावा लागला.

साइट सोपवताना मालकांच्या घरातल्याच कोणाला तरी खरे पैसे भरून ऑर्डर टाकायला लावा. बिल काढणं, खोकं बांधणं, कुरिअर बोलावणं त्यांनीच करायचं, तुम्ही फक्त बाजूला बसायचं. मग तीच ऑर्डर परत घेऊन पैसेही परत करायला लावा. बहुतेक जण अडतात ते इथंच.