भरपूर म्हणजे किती पायली?

३१ डिसेंबरला संकल्प करायची सोय आमच्याकडे नाही. त्या रात्री आम्ही पर्यटकांना भाड्याने देतो त्या घरच्या तिन्ही खोल्या पाहुण्यांनी भरलेल्या असतात, पडवीतसुद्धा गाद्या घातलेल्या असतात आणि बाराच्या ठोक्याला किनाऱ्यावर फटाके वाजतात तेव्हा मी सकाळच्या आंबोळ्यांचं पीठ वाटत असते. माझं नवं वर्ष संक्रांतीच्या सुमारास उजाडतं, पाहुण्यांची शेवटची गाडी आंजर्ल्याचा पूल ओलांडून गेली की. तुम्हीही १ तारखेचा हट्ट सोडा. घर शांत असेल आणि डोकं ठिकाणावर असेल, तो दिवस धरा.

२०१९ साली मी हट्ट केला होता. पतपेढीकडून आलेल्या डायरीत अकरा संकल्प लिहिले: वजन उतरवणे, भरपूर वाचणे, बचत वाढवणे, स्कूटी शिकणे, माळा आवरणे, असंच काहीबाही. शिमग्याला पालखी घरी आली तोवर त्याच पानावर दुधाचा हिशेब सुरू झाला होता.

त्याच वर्षी मे महिन्यात आगोटीची तयारी चालली होती. आगोट म्हणजे मृगाआधीची बेगमी, बाहेरच्यांसाठी सांगते. मी सहज म्हटलं, ‘यंदा कुळीथ भरपूर भरून ठेवूया.’ सासूबाई ओटीवर सुपारी कातरत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘भरपूर म्हणजे किती गो? पायलीत बोल.’

पायली म्हणजे धान्य मोजायचं जुनं माप. मला पायलीत बोलता येईना. मग त्यांनी पिंप उघडून दाखवलं. गेल्या आगोटीला किती भरले होते, तळाला किती उरलेत, घरात खाणारी तोंडं किती, हे सगळं त्यांच्या बोटांवर होतं. आणि हे सगळं ७ जूनच्या आत, कारण मृग कुणासाठी थांबत नाही. मासळीचंही तेच. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिकी होड्यांना मासेमारी बंद, म्हणून सुके बोंबील नि जवळा हर्णैच्या बाजारातून मेमध्येच आणून ठेवायचा. जून उजाडल्यावर जाग येऊन उपयोग नाही.

तेव्हापासून मी संकल्प आगोटीसारखे करते.

आधी पिंप उघडून बघायचं. म्हणजे गेल्या वर्षी खरोखर काय झालं ते लिहायचं, काय व्हायला हवं होतं ते नाही. मी वर्षभरात दोन पुस्तकं वाचली होती. मग यंदा पंचवीस कशी वाचणार? चार लिहिली. आमचे हे हसले, ‘चार काय, एवढं तर कोणीही वाचेल.’ वाचू दे की. माझी चार झाली, त्यांची पंचवीस अजून कपाटात आहेत.

मग कालनिर्णय भिंतीवरून खाली काढा आणि पेन्सिलने अडलेले दिवस खोडा. ही पायरी कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची हीच. माझे असे जातात: फाल्गुनात शिमगा आणि पालखी. एप्रिल-मे आंबे, चाकरमानी आणि सुट्टीतले पाहुणे, वर आगोट. जून-जुलै लावणी. गणपतीचे दिवस, आधीची आठ दिवसांची साफसफाई धरून. दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा पाहुणे. डिसेंबरचा शेवट तर सांगितलाच. सगळं खोडून हातात साडेपाच महिने उरले. म्हणजे ज्याला मी ‘वर्षाचा संकल्प’ म्हणत होते, तो मुळात साडेपाच महिन्यांचा होता. तुमच्याकडे शिमगा नसेल, मुलांच्या परीक्षा असतील, कंपनीचा मार्चएंड असेल. खोडा ते आधी.

उरलेल्या दिवसांत बसेल एवढंच लिहायचं, आणि आकड्यात. ‘बचत वाढवणे’ हे माझ्या कुळथासारखंच. त्याऐवजी लिहिलं: दर महिन्याच्या ५ तारखेला पोस्टात आरडीचे ५०० रुपये. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते आणि महिना १०० रुपयांपासून सुरू करता येते, त्यामुळे ५०० जड वाटले तर लाज न बाळगता १०० लिहावेत. मी पहिल्यांदा १००० लिहिले होते. मग पावसाळ्यातल्या रिकाम्या खोल्या आठवल्या आणि निम्मे केले. लिहिलेला आकडा एकदा निम्मा करून बघायचा, ही सवय मला फार कामी आली.

मृगासारखी तारीख मात्र शोधावी लागते. आपणच घातलेली तारीख आपणच पुढे ढकलतो. स्कूटीचं माझं तसंच दोन वर्षं झालं. शेवटी शिकण्याच्या आधीच लर्निंग लायसनचे पैसे भरून टाकले. ते सहा महिनेच चालतं, आणि पक्क्या लायसनची परीक्षा निदान तीस दिवस झाल्याशिवाय देता येत नाही. झालं, मृग मिळाला! पहिला आठवडा खळ्यात गाडी नुसती ढकलली. दुसऱ्या आठवड्यात मुलगा मागे बसायचा आणि ओरडायचा, मी शाळेपर्यंत जायचे. पाचव्या महिन्यात लायसन हातात आलं. अजून घाटात चालवत नाही, तो संकल्प मी केलेलाही नाही.

आता पावसाचं. आमच्या दापोली तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मी आठवड्यातून चार सकाळी पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढून कड्यावरच्या गणपतीला जाते, पण जूनमध्ये जांभ्यावर शेवाळ धरलं की तिथे पाय घालणं म्हणजे हाड मोडून घेणं. पहिल्या वर्षी मी जूनमध्ये थांबले ती थेट नवरात्रात उठले. आता कागदावर दोन्ही लिहिते: कोरड्या दिवसांत पाखाडी, ओल्या दिवसांत सांजवात लावल्यावर पडवीत वीस मिनिटं. पडवीत फेऱ्या मारताना शेजारची वहिनी विचारते, ‘काय गो, काय हरवलं?’ विचारू दे.

एक गोष्ट मला वादळाने शिकवली. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आलं, आणि दुपारी तीन-चार तासांत आमच्या वाडीतल्या साठेक पोफळी आणि नऊ माड आडवे झाले. त्या वर्षीच्या कागदावर ‘सुपारीतून चाळीस हजार’ असं लिहिलेलं होतं. कित्येक दिवस तो कागद बघवला नाही. पुढच्या संक्रांतीला बसले तेव्हा रुपये लिहिलेच नाहीत. सुपारी किती धरेल, भाव काय लागेल, वारं कुठून सुटेल, यातलं माझ्या हातात काय होतं? लिहिलं एवढंच: पावसाळ्यात दर रविवारी पाच रोपं, सावलीला बाजूला केळ. एखाद्या रविवारी गुडघा दुखायचा, एखाद्या रविवारी रोपंच मिळायची नाहीत, तरी पावसाळा संपेपर्यंत बावन्न लागली. काही मेली. उरलेल्यांतल्या काहींना आता पोय, म्हणजे फुलोरा, दिसायला लागली आहे. म्हणून कागदावर आपल्या हाताने करायचं काम लिहा. फळ किती येईल ते लिहू नका.

किती संकल्प? माझे तीन. जास्त लिहिले तर मला आठवतच नाहीत. आणि सगळ्या गावाला सांगू नका, एकालाच सांगा, तोही टोचणारा हवा. मी सासूबाईंना सांगते. त्यांना दिसतं कमी, पण ५ तारीख त्या विसरत नाहीत.

यंदाचा कागद कुळथाच्या पिंपाच्या झाकणाला आतून चिकटवला आहे, म्हणजे पिठी करायची असेल तेव्हा समोर येतोच. पहिली ओळ पाखाडीची. दुसरी, माळ्यावरची एक ट्रंक महिन्याला, मे आणि गणपती सोडून. तिसरी ओळ कोरी आहे. आंब्यावर मोहर चांगला आलाय, पण थंडी अजून आत-बाहेर करतेय. ती ओळ मी पाडव्याला भरणार.