गेट टुगेदर शाळेबाहेर घ्यायचंय? मग आधी हे बघा

आपल्याकडं बेळगाव-खानापूर भागात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा म्हणजे शाळेचं पटांगण, मांडव घातला, वर्गातली बाकं बाहेर काढली की झालं. पण कधी शाळेची दुरुस्ती चालू असते, कधी ग्रुपवर कुणीतरी "यावेळी जांबोटीकडं जाऊया की" म्हणतं आणि धडाधड अंगठे येतात. आमच्या बॅचनं दोनदा बाहेर घेतलंय, पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदा जमलं, त्यावरनं सांगतोय.

पहिलं काम, अंतर कुठनं मोजायचं ते ठरवा. ग्रुपवर बोलणारे बहुतेक पुणे-बेंगळुरूचे असतात, त्यांच्याकडं गाड्या असतात, त्यामुळं ते आंबोली म्हणतात, गोवा म्हणतात. अंतर मोजायचं ते आपल्या सगळ्यात वयस्कर सरांच्या किंवा बाईंच्या दारातनं. तिथनं गाडीनं तासाभरात पोचता आलं पाहिजे, त्यापुढची जागा कितीही भारी असली तरी सोडा. आणि जागा स्वतः जाऊन बघा, फोटोवर जाऊ नका. आम्ही पहिल्यांदा एक हॉल फोनवरच बुक केला, तो निघाला दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. आमच्या बाईंचे गुडघे गेलेले, त्या अर्धा तास खाली गाडीतच बसून राहिल्या, आम्ही एकेक जण खाली जाऊन पाया पडून आलो. ते आजही डोळ्यासमोरनं जात नाही. म्हणून पायऱ्या, संडास कमोडचा आहे का, सावली, दुपारी जरा आडवं व्हायला एक खोली, एवढं डोळ्यानं बघूनच ॲडव्हान्स द्या.

मग तारीख. खानापूर आणि बेळगावच्या पश्चिम भागात ऑक्टोबर-नोव्हेंबरला भाताची सुगी असते, शेतीवाले मित्र येऊच शकत नाहीत. १ नोव्हेंबर तर सोडाच, त्या दिवशी इकडं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, तिकडं मराठी लोकांचा काळा दिवस, शहरात गाडी घालणं अवघड. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असलं की लॉज मिळत नाहीत, मिळाले तर दुप्पट भाव. फेब्रुवारीनंतर शाळा एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या परीक्षेच्या गडबडीत. राहतो संक्रांतीनंतरचा जानेवारीचा रविवार. कॅलेंडरमध्ये संकष्टी, एकादशी बघा, नाहीतर मटणाचा बेत ठरतो आणि निम्मी पंगत उपासाला.

आमंत्रण नुसतं व्हॉट्सॲपवर टाकून भागत नाही, फोन करा. वर्गातल्या मुलींची नावं लग्नानंतर बदललेली असतात, कोण चंदगडला दिलेली, कोण गडहिंग्लजला, त्यांचा नंबर त्यांच्या भावाकडनं मिळतो, म्हणून गावातल्या दोघातिघांना हेच काम द्या. बॅजवर माहेरचं नाव मोठं लिहा. जागा कर्नाटकात असेल आणि बसनं जाता येत असेल तर इकडच्या मैत्रिणींना शक्ती योजनेचा उपयोग होतो, जून २०२३ पासून सरकारी साध्या बसला बायकांना तिकीट नाही, फक्त आधारसारख्या ओळखपत्रावर कर्नाटकचा पत्ता पाहिजे, म्हणजे पलीकडं महाराष्ट्रात दिलेल्यांना तो नाही, त्यांच्यासाठी गाडी लावा. भाड्याची मिनीबस हद्द ओलांडणार असेल तर दुसऱ्या राज्याचं परमिट आहे का ते आधीच विचारा.

जांबोटीच्या पुढं कणकुंबीकडं रेंजचा भरवसा नाही, लोकेशन पाठवून उपयोग होत नाही, कुठं वळायचं ते लिहूनच पाठवा आणि आचाऱ्याला द्यायला रोख ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शाळेत जायचं नाही तर शाळेतलं काहीतरी तिकडं न्यायला पाहिजे, नाहीतर ते नुसतं जेवण होतं. दुसऱ्या वेळी आम्ही हेडमास्तरांना विचारून घंटा नेली, म्हणजे आमच्या शाळेतला तो रुळाचा तुकडा आणि लोखंडी दांडका, पोत्यात गुंडाळून गाडीच्या डिकीत. आंब्याला टांगला आणि ठोका पडल्यावर चहा पिणारे सगळे गप्प झाले, कुणी न सांगता ओळीत उभे राहिले. पटावरची नावं आम्ही शाळेत बसून वहीत उतरून आणली होती, रजिस्टर बाहेर नेता येत नाही. सरांनी हजेरी घेतली, पन्नाशीतले आम्ही "हजर सर" म्हणालो. जे मित्र गेलेत त्यांच्या नावापुढं आधीच बारीक खूण केली होती, सरांनी ती नावंही घेतली, थोडं थांबले, मग पुढचं नाव. हे करायचं असेल तर सरांशी आधी बोलून ठेवा, त्यांना एकदम सांगू नका, त्यांनाही ते जड जातं. भाषणं यानंतर आणि थोडकीच, एकेकाला दोन मिनिटं.

पैशाचं म्हणाल तर वर्गणी एकच ठेवा, ज्याला जमत नाही त्याचे दुसऱ्या कुणीतरी गुपचूप भरायचे, यादी ग्रुपवर टाकायची नाही. सरांकडनं वर्गणी नाही, त्यांना न्यायला आणि घरापर्यंत सोडायला आपल्यातलाच एकजण. डीजे लावलात तर रात्री दहाला बंद, तो नियमच आहे.

जे सर येऊ शकले नाहीत त्यांच्याकडं त्याच आठवड्यात चौघंजण जाऊन या, कुंद्याचा (बेळगावची खव्याची मिठाई) बॉक्स आणि सगळ्यांच्या सह्या केलेला फोटो घेऊन. घंटा मात्र रविवारी रात्रीच शाळेत पोचवा, सोमवारी प्रार्थनेला पोरांना ती लागते.