दहा मिनिटे आणि एक अट : छोट्या लेखनसरावांविषयी

सर्जनशील लेखनाचा सराव सुरू करणारी बहुतेक माणसे पहिल्याच दिवशी स्वतःला नको इतकी मोकळीक देतात. ‘आज काहीही लिहायचे’ असे ठरवून ती वहीसमोर बसतात आणि अर्ध्या तासाने, लिहिलेल्या दोन ओळीही खोडून, उठतात. विषय, लांबी, निवेदक आणि काळ हे सगळेच मोकळे असले की पहिल्या वाक्याआधीच इतके निर्णय घ्यावे लागतात की लिहिण्याची उमेद त्यांतच खर्ची पडते. म्हणून छोट्या सरावाला दहा-पंधरा मिनिटांची मर्यादा आणि एखादी काटेकोर अट हवी. ‘पावसाळी दिवसाचे वर्णन करा’ यासारखे विषय मी या कामासाठी बाजूला ठेवतो, कारण ते ऐकताच शाळेतल्या निबंधाची वाक्ये आपसूक हाताशी येतात.

हात सैल करण्यासाठी आधी गजर लावून पाच मिनिटे न थांबता लिहावे. खोडू नये, मागचे वाचू नये आणि काही सुचेनासे झाले तर पुढचा शब्द येईपर्यंत शेवटचाच शब्द पुन्हा पुन्हा लिहीत राहावे. यातून वाचण्याजोगे काही निघेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये.

खरी गंमत अटींमध्ये आहे, आणि त्यांतल्या उत्तम अटी मराठीच्या व्याकरणातच दडलेल्या आहेत. एक करून पाहा : प्रथमपुरुषी निवेदनात दीडशे शब्दांचा प्रसंग लिहा, पण निवेदक पुरुष आहे की स्त्री हे एकाही क्रियापदावरून कळू देऊ नका. पहिल्याच ओळीत ‘मी निघालो’ आणि ‘मी निघाले’ या दोन्ही वाटा बंद होतात. वर्तमानकाळ सोपा जाईल असे वाटते, पण ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ तिथेही आडवे येतात. मग हळूहळू उघडी दारे दिसू लागतात. ‘मी दार उघडले’ चालते, कारण तिथे क्रियापद दाराच्या लिंगाप्रमाणे बदलते. ‘मला जाग आली’, ‘मी जाईन’, ‘मी जात आहे’ आणि ‘मी जात नाही’ हीसुद्धा चालतात. ‘म्हणणे’ आणि ‘विसरणे’ ही क्रियापदे दगा देतात, तेव्हा ‘म्हणालो’ऐवजी ‘मी सांगितले’ आणि ‘विसरलो’ऐवजी ‘माझ्या लक्षात राहिले नाही’ असे वळण घ्यावे लागते. ‘मी थांबलो’ म्हणता येत नाही म्हणून कुणी ‘माझे पाय दारातच थांबले’ असे लिहितो, आणि जे वाक्य एरवी सुचले नसते ते केवळ अडचणीमुळे कागदावर येते. (या लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात ‘ठेवतो’ या एका शब्दाने माझे गुपित फोडले आहे, हे चाणाक्ष वाचकाने ताडले असेलच.)

दुसरी अट संबोधनाची आहे. दोन पात्रांमधला बारा वाक्यांचा संवाद लिहावा. त्यात निवेदकाचे एकही वाक्य नसावे, ‘तो म्हणाला’ही नसावे. सुरुवातीला दोघे एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणत असावेत आणि शेवटच्या वाक्यापर्यंत त्यांतल्या एकानेच ‘तू’ म्हणायला सुरुवात केलेली असावी. ही घसरण जवळिकीमुळे झाली, रागामुळे झाली की अनवधानाने, याचा खुलासा संवादात कुठेही करायचा नाही. तो वाचणाऱ्याला मधल्या वाक्यांवरून लागला पाहिजे. नवखे लेखक बदल शेवटच्या ओळीसाठी राखून ठेवतात. माझ्या मते तो सातव्या-आठव्या वाक्यात घडवावा, म्हणजे समोरच्याने तो कसा घेतला हे दाखवायला जागा उरते.

अटींचा हा खेळ जुना आहे. फ्रेंच लेखक रेमों क्नो याने 1947 साली एक किरकोळ प्रसंग 99 तऱ्हांनी सांगणारे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि 1960 साली तो बंधनांतून साहित्य घडवू पाहणाऱ्या ‘उलिपो’ या गटाच्या संस्थापकांपैकी एक होता. आपल्याला 99 नकोत, चार पुरेत. कालचीच एखादी क्षुल्लक घटना घ्यावी आणि ती तक्रारअर्ज, भविष्यकाळातील निवेदन, केवळ प्रश्नार्थक वाक्ये आणि तिथे हजर असलेल्या लहान मुलाचे बोलणे अशा चार रूपांत लिहावी. तक्रारअर्ज बहुधा सर्वांत चांगला उतरतो, कारण औपचारिक भाषेखाली दबलेला राग लपता लपत नाही. शब्दकोशातून तीन शब्द कुठूनही उचलून गोष्ट रचण्याचा सराव लोकप्रिय असला, तरी मला तो फारसा फळत नाही. सगळे श्रम शब्दांची मोट बांधण्यात जातात.

शंभर शब्दांची कथा थेट शंभर शब्दांत लिहू नये. आधी दीडशेपर्यंत जाऊ द्यावे, मग पन्नास काढावेत. सराव त्या काढण्यात आहे. ‘घरासमोरच्या’ यासारखा जोडलेला शब्द आपण एकच धरतो, त्यामुळे मराठीतल्या शंभर शब्दांत बरेच काही मावते. काटछाटीची सुरुवात ‘खूप’, ‘एकदम’, ‘जणू काही’ यांपासून करावी आणि नंतर भावनेचे नाव घेणाऱ्या वाक्यांकडे वळावे. ‘तो खूप घाबरलेला होता’ या वाक्याच्या जागी ‘त्याने कुलूप पुन्हा ओढून पाहिले’ हे वाक्य आले की शब्द वाचत नाहीत, किंबहुना एखादा वाढतोच, पण पुढची खुलाशाची दोन वाक्ये आपोआप गळून पडतात.

लिहून झाल्यावर लगेच वाचू नये. दोन दिवसांनी वाचावे, जिवंत वाटणाऱ्या एका ओळीखाली रेघ मारावी आणि बाकीचे दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नये. रेघ मारलेली ओळ पुढच्या सरावाचे पहिले वाक्य म्हणून वापरता येते. वहीच्या प्रत्येक पानावर तारखेबरोबर त्या दिवशीची अटही लिहून ठेवावी, नाहीतर महिन्याभराने ते पान चाळताना माणसांचे पायच तेवढे का थांबतात आणि ती स्वतः का थांबत नाहीत, हे आपले आपल्यालाच उमगत नाही.