मूल अडकलं तर आधी ब्लॉक तपासा: खेळकर दृश्य भाषा घडवताना या चुका टाळा

उन्हाळ्याच्या सुटीत जळगाव जिल्ह्यातल्या एका गावात आम्ही तिघा मित्रांनी केलेली ब्लॉकची भाषा, म्हणजे पडद्यावरचे ठोकळे ओढून जोडायचे आणि त्यातून प्रोग्राम लिहायचा अशी भाषा, पहिल्यांदा मुलांच्या हातात दिली. ब्लॉकलीवर (अशा भाषा बनवायच्या तयार साधनावर) उभी केलेली, पडद्यावरच्या कासवाला आज्ञा देणारी, फोनच्या ब्राउझरमध्ये चालणारी, अथपासून इतिपर्यंत मराठी. दहा मिनिटांत सातवीतली एक मुलगी म्हणाली, "दादा, कासव चालसच नही."

तिने ‘चल क = १०’ हा ब्लॉक ओढून हिरव्या झेंड्याखाली, म्हणजे प्रोग्राम सुरू करायच्या खुणेखाली, नीट बसवला होता. कासव हलेना म्हणून १० चे ५० केले होते. तो ब्लॉक व्हेरिएबलचा, म्हणजे किंमत साठवायच्या जागेचा होता. बीजगणिताच्या पुस्तकात व्हेरिएबलला चल म्हणतात, म्हणून आम्हीही तेच लिहिलं. तिने मात्र ते सरळ आज्ञा म्हणून वाचलं, आणि मराठी वाचणारं कुठलंही मूल तसंच वाचेल. त्या दिवसापासून आमच्याकडे ‘चल’ नाही, ‘डबा’ आहे. ‘डब्यात १० ठेव’ म्हटलं की वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मूल अडकलं की आधी मुलाची चूक शोधायची नाही, आपली शोधायची. खाली आमच्या सापडलेल्या चुका आहेत. तुम्ही अशी भाषा किंवा चित्रं हलवणारं इंजिन बनवत असाल तर यातल्या निम्म्या तुमच्याकडेही निघतील.

वाक्याचे तुकडे जोडून ब्लॉक बनवणे

इंग्रजीत क्रियापद आधी येतं, आकडा नंतर. मराठीत ‘१० पावलं चाल’. ब्लॉकचा मजकूर कोडमध्ये तुकडे जोडून तयार केला तर भाषांतर करणाऱ्याला क्रम बदलताच येत नाही आणि ‘चाल १० पावलं’ असलं काहीतरी पडद्यावर येतं. ब्लॉकलीत अख्खं वाक्य एकसंध लिहून आकड्याच्या जागी टक्का-एक (%1) अशी खूण ठेवता येते, आणि ती खूण वाक्यात कुठेही हलवता येते. पहिल्या दिवसापासून तसंच करा.

देवनागरी आकड्यांना शून्य समजणे

मुलाने मराठी कीबोर्डवरून १० लिहिलं. जावास्क्रिप्टला, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या आमच्या कोडच्या भाषेला, ते कळत नाही, उत्तर येतं ‘हा आकडाच नाही’. मुलांसाठीच्या स्क्रॅच या ब्लॉकच्या भाषेसारखी पद्धत पाळून आम्ही न कळलेल्या गोष्टीला शून्य मानत होतो. म्हणजे कासव शून्य पावलं चालत होतं, आणि पडद्यावर सगळं बरोबर दिसत होतं. मुलाला याहून वाईट वागणूक देता येणार नाही. उपाय पाच ओळींचा आहे: वाचण्याआधी ० ते ९ या देवनागरी अंकांचं रूपांतर करून घ्या. आणि खरंच आकडा नसेल तर ती चौकट थरथरू द्या, म्हणजे नजर तिथे जाते.

नाव उलटं करताना मात्रा सुटणे

मुलांना शब्द उलटे करून बोलायला फार आवडतं, म्हणून ‘शब्द उलटा कर’ हा ब्लॉक आमच्याकडे सगळ्यात लाडका ठरणार होता. एकाने ‘धुळे’ घातलं. यायला हवं होतं ‘ळेधु’. आलं काय, तर सुरुवातीला ठिपक्यांच्या गोलावर एकटी मात्रा, मग ‘ळु’, मग ‘ध’. ध चा उकार ळ ला जाऊन चिकटला होता.

कारण असं, की संगणकाच्या लेखी ध, उकार, ळ आणि मात्रा ही चार वेगळी चिन्हं. ‘नंदुरबार’ आपण पाच अक्षरी मोजतो, जावास्क्रिप्ट आठ सांगतं. मुलाने पाच म्हटलं आणि आपला ब्लॉक आठ म्हणाला, तर मूल स्वतःलाच चुकीचं समजेल. ‘लांबी’, ‘दुसरं अक्षर’, ‘उलटा कर’ या तिन्ही ब्लॉकसाठी ब्राउझरमधला इंटल सेगमेंटर (Intl.Segmenter) वापरा, तो अक्षर मात्रेसकट उचलतो. जोडाक्षरांकडे मात्र लक्ष ठेवा. ती एकत्र ठेवण्याचा नियम युनिकोडच्या, म्हणजे संगणकातल्या लिपीचिन्हांच्या प्रमाणाच्या, १५.१ या आवृत्तीत, २०२३ मध्ये आला. जुन्या ब्राउझरवर ‘मुक्ताईनगर’मधला क् आणि ता अजून वेगळे होतात. आम्ही हलन्त दिसला की पुढचं व्यंजन त्यालाच जोडून घेतो.

फ्रेम मोजून वेळ काढणे

आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधले जातात. साहजिकच पोरींनी पहिला प्रकल्प झोक्याचा घेतला: साइनच्या ब्लॉकने कोन कमीजास्त करायचा, एवढंच. चार फोनवर झोका संथ, सुंदर. पाचव्या, नव्या फोनवर तोच झोका दुप्पट वेगाने. जिचा फोन होता तिला वाटलं आपलं गणित चुकलं. ती खोडून पुन्हा मांडत बसली, तेव्हा आम्हाला वाईट वाटलं.

गणित तिचं बरोबर होतं. प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडद्यावरचं चित्र दर वेळी नव्याने निघतं तेव्हा, कोन एक पाऊल पुढे, असं आमचं इंजिन चालत होतं. साध्या फोनचा पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो, तिचा १२० वेळा. त्यामुळे हालचाल फ्रेमवर न बांधता मागच्या फ्रेमपासून गेलेल्या वेळेवर बांधा. पण तेवढ्याने भागत नाही. मधेच फोन आला की ब्राउझर चित्र थांबवतो, आणि परत आल्यावर ती गेलेली वेळ तीस-चाळीस सेकंदांची निघते, मग पडणारा चेंडू एका उडीत जमिनीच्या आरपार जातो. एका फ्रेममध्ये जास्तीत जास्त एक विसांश सेकंद गेला असं धरा, वरचं सोडून द्या.

‘सतत’ ब्लॉकने फोन गोठणे

रावेरकडच्या एका पोराने केळीची बाग लावली. पाच बाय पाच फुटांवर रोप, हे त्याला घरचंच ठाऊक, म्हणून ओळीत ५० आणि अशा ४० ओळी. एकात एक दोन ‘पुन्हा कर’. प्रत्येक झाड म्हणजे कासवाची एक प्रत, आणि प्रत्येकाला ‘सतत’ लावून वाऱ्यावर डोलवायचं. झेंडा दाबला आणि फोन गोठला. लाल बटणही दाबलं जाईना.

ब्राउझरमध्ये आपला कोड, चित्र काढणं आणि बोटाचा स्पर्श ओळखणं एकाच थ्रेडवर, म्हणजे एकामागून एक कामं करणाऱ्या एकाच रांगेत, चालतं. आमचा ‘सतत’ सरळ जावास्क्रिप्टच्या न संपणाऱ्या व्हाइल लूपमध्ये, म्हणजे फेऱ्यांमध्ये, उतरत होता, त्यामुळे थांबवायच्या बटणाची पाळीच येत नव्हती. स्क्रॅचमध्ये लूपच्या प्रत्येक फेरीनंतर, चित्र बदललं असेल तर, इंजिन दम घेतं आणि पुढच्या फ्रेमला परत येतं. जावास्क्रिप्टच्या जनरेटरमध्ये (मधेच थांबून तिथूनच पुढे सुरू होणाऱ्या फंक्शनमध्ये) यील्ड ही थांबायची आज्ञा वापरून हे जमतं. फेरीत काहीच काढलं नसेल, नुसता हिशेब असेल, तर फ्रेममधली दहा-बारा मिलिसेकंदं त्याला देऊन टाका, नाहीतर साधी यादी क्रमाने लावायलाही मिनिटं लागतील.

राहिला दोन हजार झाडांचा प्रश्न. स्क्रॅच ३०० प्रतींवर थांबतं, पण गुपचूप थांबतं. मूल झाडं मोजतं आणि बाकीची कुठे गेली ते त्याला कळत नाही. आमच्या पडद्यावर आता ‘३०० झाली, आणखी मावत नाहीत’ असं येतं आणि शेजारी शिक्क्याचा ब्लॉक लुकलुकतो. न हलणारी झाडं शिक्क्याने हजारोंनी उमटतात, डोलणारी पुढच्या दोन-तीन ओळींत ठेवली तरी बाग जिवंत वाटते.

मुलाच्या हातून चूक काढून घेणे

ही चूक आम्ही चांगल्या हेतूने केली, म्हणून ती सगळ्यात उशिरा दिसली. त्रिकोण काढताना मुलं हमखास ‘३ वेळा: १०० चाल, ६० अंश वळ’ असं लिहितात, कारण वहीतल्या समभुज त्रिकोणाचा कोन ६०. येतो अर्धा षटकोन. आम्ही तिथे सूचना टाकली होती, ‘१२० वापरून बघ’. सगळ्यांचे त्रिकोण झाले, आणि का झाले ते एकालाही सांगता येईना.

सिमोर पेपर्ट, सिंथिया सॉलोमन, वॉली फॉयरझाइग यांनी १९६७ मध्ये लोगो भाषा आणली. तिच्यातल्या कासवामागचा पेपर्ट यांचा विचार असा होता, की मुलाने कासवाच्या जागी स्वतः चालून बघावं. आम्ही सूचना काढून टाकली. वळताना कासव आधी जिकडे जात होतं तिकडे एक फिकट ठिपक्यांची रेघ आणि तिथून वळलेला कमानीसारखा बाण, एवढंच दाखवतो. दुसऱ्या बॅचला एक जण उठून अंगणात चालायला लागला, कोपऱ्यावर थांबून म्हणाला, कोन बाहेरून मोजायचा! त्यानंतर पंचकोन त्याने आपणहून काढला.

लहान, पण रोज नडणाऱ्या

लाईट कधीही जाते. प्रत्येक ब्लॉक ठेवल्याबरोबर काम फोनमध्येच साठवा, ‘जतन करा’ बटणाची वाट बघू नका. फॉन्ट आणि कोड पहिल्या वेळी उतरवून घ्या, गावात रेंज येते आणि जाते.

‘वर्तुळ’मध्ये रफार वर आणि उकार खाली. इंग्रजीसाठी मोजलेल्या ब्लॉकमध्ये दोन्ही कापले जातात, म्हणून उंची वाढवा. फॉन्ट पूर्ण उतरण्याआधी रुंदीही मोजू नका.

कॅनव्हासचा, म्हणजे ब्राउझरमधल्या चित्राच्या फलकाचा, शून्यबिंदू डाव्या वरच्या कोपऱ्यात असतो आणि वाय खाली वाढतो. नववीच्या निर्देशक भूमितीत मूल वर वाढणारा वाय शिकतं. उलटापालट इंजिनने करावी, मुलाने नाही.

फोनवर बोटाखाली ब्लॉक झाकला जातो आणि खाच दिसत नाही. ओढताना ब्लॉक बोटाच्या थोडा वर तरंगू द्या. आम्ही तो नखाएवढा वर घेतला आणि चुकीच्या जागी चिकटणारे ब्लॉक त्याच दुपारी जवळजवळ बंद झाले.